दारातली चाल

यशोदाबाई बोलती होती तेव्हा घरात दुसऱ्या कुणाच्या बोलण्याला जागाच उरत नसे. सकाळी चूल पेटायच्या आधी तिची जीभ पेटायची. ती गाईशी बोले, तव्याशी बोले, वाळत घातलेल्या ज्वारीच्या बिबड्यांवर टपलेल्या कावळ्याशी तर सग्या दिरासारखी भांडे. आणि रुपचंदशी तिचं बोलणं म्हणजे निम्मं टोमणे, निम्मं काळजी. कुठलं कोणतं हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही त्याला ओळखता यायचं नाही.

संक्रांत झाली आणि लकवा तिच्या उजव्या अंगावरून नांगर फिरवावा तसा फिरून गेला. हात हळूहळू सावरला. पाय ओढत का होईना, ती ओसरीपर्यंत येऊ लागली. वाचा मात्र गेली ती गेली. जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, येईल, किंवा येणारही नाही. एवढं तर आपल्या केळीच्या बागेतल्या गड्यानंही सांगितलं असतं, असं रुपचंदला वाटलं. पण तो मुकाट्यानं एसटीत बसला आणि तिला घेऊन रावेरकडच्या आपल्या गावी परत आला.

मुलगा केळीच्या ट्रकांसोबत दिल्लीच्या वाटेवर असायचा. घरात रुपचंद, यशोदा आणि सून लताबाई. बागेतून दुपारी घरी येताना रुपचंदचे पाय जड व्हायचे. पूर्वी गल्लीच्या तोंडाशीच तिचा आवाज सामोरा यायचा. आता घर विहिरीसारखं गप्प. त्याला दुसरं काही नको होतं. तिनं उठून एक शिवी हासडली असती तरी त्यानं गावभर पेढे वाटले असते.

चैत्रात देवळावर कर्णा लागला. कुठल्याशा भजनाची कॅसेट होती. रुपचंद ओसरीवर विळ्याला धार लावत होता. सहज मान वळवून बघतो तर यशोदाचे ओठ हलत होते. आणि घशातून, ओल्या लाकडानं धूर सोडावा तसा, एक बारीक सूर निघत होता.

भजन संपलं. ओठ मिटले.

रुपचंदनं विळा खाली ठेवला. त्यानं ते भजन पहिल्यांदाच ऐकलं होतं, पण चाल ओळखीची वाटत होती. पुरती ती नव्हे. तिची चुलतबहीण म्हणावी अशी. आणि मग त्याला आठवलं.

लग्न होऊन नवं नवं होतं तेव्हाची गोष्ट. रावेरच्या जत्रेत तमाशाचा फड आला होता. वगात एक राणी होती. वना नावाच्या पुरुषानंच लुगडं नेसलेलं; पण तो दारात येऊन उभा राहिला की बायकांनाही आपला पदर नीट करावासा वाटायचा. रुसलेल्या राजाच्या दारात उभी राहून राणी गायची:

वाट देखी देखी रे राजा, डोया भरी उनात,
दारमा उभी शे मी, दारमा उभी शे...

तेवढ्यावर गाणं थांबलं होतं. कारण यशोदाला ते आवडलेलं पाहून रुपचंदनं उठून एक रुपया दिला, आणि रिवाजाप्रमाणे सोंगाड्यानं गाणं मध्येच तोडून देणाऱ्याचं नाव पुकारलं. रुपचंदनं मुद्दाम बायकोचंही नाव सांगितलं होतं. भर जत्रेत आपलं नाव ऐकून यशोदानं पदरात तोंड लपवलं. मग सोंगाड्याच्या चावट बोलण्यावर दोघं पोट धरून हसली. गाणं पुढे झालंच नाही. पण यशोदानं ते जन्मभर गुणगुणलं. बिबडे थापताना, कपाशी वेचताना, पोराला निजवताना. नेहमी तेवढंच, दारापर्यंत.

लताबाईनंही सासूचे हलते ओठ पाहिले होते. "मामंजी, आत्याबाईले ते गानं पुरं आयकवलं तर?" ती म्हणाली. "कुठी भेटीन ते?"

"जळगावात सारं भेटते," रुपचंद म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं निघाला.

जळगावात मार्केटच्या बोळात पंडितचं कॅसेटचं दुकान होतं. कोऱ्या कॅसेटमध्ये गिऱ्हाइकाच्या आवडीची गाणी भरून द्यायची, हा त्याचा धंदा. माणूस गाण्यातला, काउंटरखाली एक जुनी पेटी ठेवलेली असायची.

"कोणत्या सिनेमातलं आहे, नाना?"

"सिनेमातलं नाही. तमाशातलं."

"फडाचं नाव?"

"नाव नाही सांगता येत. पडद्यावर मोर व्हता."

"नाना, पडद्यावर मोर नसलेला फड तुम्ही मला दाखवा, मी तुम्हाला कॅसेट फुकट भरून देतो. बरं, गाऊन दाखवा."

रुपचंदला घाम फुटला. आयुष्यात तो बैलांसमोर सोडून कुठे गायला नव्हता. शेजारच्या चपलेच्या दुकानातला माणूस डोकावून बघायला लागला तरी त्यानं डोळे मिटून म्हटलं. दारापाशी थांबला.

"पुढे?"

"पुढे नाही."

"विसरलात?"

"विसरलो नाही. आमी आयकलंच तेवढं."

पंडितनं पेटी वर काढली, भात्याला हात लावला आणि ती चाल बोटांनी चाचपली. दोनदा, तीनदा. त्याच्या तोंडावरचं हसू उतरलं. "चमत्कारिक आहे," तो म्हणाला. "सूर वर चढतो आणि उंबऱ्यावर पाय ठेवून उभा राहतो. आत येत नाही, मागे फिरत नाही. पेटीवरचं माझं बोट उचलत नाही बघा." त्यानं भाता सोडला. "हे गाणं काही माझ्याकडे नाही, नाना. पण चालीलाही गोत असतं. माणसं एकाची चाल उचलून दुसऱ्या गाण्याला लावतात. भजनवाला तमाशातून घेतो, तमाशावाला हळदीच्या गाण्यातून. मी तुम्हाला हिच्या भाऊबंदांची कॅसेट भरून देतो. चालेल?"

"तोंडवळा सारखा असला म्हंजे झालं," रुपचंद म्हणाला.

पहिली कॅसेट त्यानं घरी ओसरीवर लावली. भुसावळकडच्या एका मंडळाचं भजन, मग एक पाळणा. यशोदा ऐकत होती. पाळण्याला तिनं पुरा सूर धरला. लताबाईनं हातातलं भांडं तसंच धरून ठेवलं, वाजू नये म्हणून.

दुसऱ्या कॅसेटमध्ये धरणगावकडचं हळदीचं गाणं होतं. ते सुरू झालं आणि यशोदाचा उजवा हात उठला. तिनं पदराचं टोक दोन बोटांच्या चिमटीत धरून खांद्यावरून लांब ओढलं, कोपर बाहेर काढून, अगदी दूरच्या माणसालाही दिसावं असं. रुपचंदला आनंदानं भरून आलं. लताबाईच्या मात्र कपाळाला आठी पडली.

"आत्याबाई कधी असा पदर घेत नाहीत," ती म्हणाली.

"लकव्यानं हात अवघडला असन."

"अवघडलेला हात असा नाचते का, मामंजी?"

पंडितलाही आता या चालीचं वेड लागलं होतं. रुपचंद दुकानात शिरला की तो दुसरी गिऱ्हाइकं बाजूला सारायचा. "एक गंमत पाहिलीत का, नाना? भुसावळचं गाणं जरा लांबचं नातेवाईक. धरणगावचं त्याहून जवळचं. हे अमळनेरकडचं ऐका, सख्खी बहीण वाटते. तापीच्या काठानं जसजसं मावळतीकडे जावं तसतशी चाल तुमच्या गाण्याजवळ येते. हिचं माहेर खालच्या अंगाला आहे. शिरपूरकडे."

अमळनेरकडची कॅसेट म्हणजे कानबाई देवीच्या रोटांच्या सणाला बायका म्हणतात तसलं गाणं होतं. भर दुपार होती. अंगणात ऊन पितळेसारखं तापलं होतं. रुपचंदनं टेपचं बटण दाबलं. बायकांचा आवाज चढत चढत त्या जागी आला, उंबऱ्याच्या जागी. आणि तिथून गाणं आपल्या वाटेनं पुढे निघून गेलं. यशोदा गेली नाही. ती ओसरीच्या खांबाला धरून उभी राहिली. मान किंचित वाकडी केली, आणि स्वतःच्याच घराच्या दाराकडे बघत स्वच्छ, मोकळ्या आवाजात तिनं विचारलं:

"कोन शे घरमा?"

लताबाईच्या हातातलं सूप खाली पडलं.

रुपचंद धावत तिच्याजवळ गेला. "यशोदा, मी हाये. बोल, बोल वं."

तिनं त्याच्याकडे पाहिलं, आरपार पाहिलं. "बठ्ठा लोके झोपी गयात का?" ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण त्यातलं वजन दुसऱ्याचं होतं. मग डोळ्यांतला दिवा कुणी फुंकावा तशी ती विझली आणि मटकन खाली बसली.

त्या दिवशी चुलीपुढे बसून लताबाई रडली. "मामंजी, आपल्याकडे शे कोन म्हनते? आत्याबाईंचं माहेर सावद्याचं. त्या कधी जळगावच्या पलीकडे गेल्या नाहीत. हे धुळ्याकडलं बोलनं त्यांच्या तोंडात आलं कुठून?"

"तमाशात आयकलं व्हतं आमी."

"एक गानं आयकलं व्हतं. सारी बोली नाही." तिनं डोळे पुसले. "मामंजी, रागावू नका. तुमाले आत्याबाई पायजेत का नुसता घरात आवाज पायजे?"

रुपचंदनं उपरणं खांद्यावर टाकलं. तो बागेत गेला, केळीच्या पानांच्या गार अंधारात उभा राहिला. पानं एकमेकांना घासत होती. लताबाईचं खरं होतं. पण खरं असूनही त्याला तो एवढासा आवाज सोडवत नव्हता. पाणी दिसल्यावर तहानलेला माणूस विहीर कुणाची म्हणून विचारत नाही.

तो शिरपूरला गेला. पंडितनं माहिती काढून दिली होती: त्या फडातला एक जुना झीलकरी अजून आहे, जीवराम नावाचा. शिरपूरच्या बाजारात चौकशी केली तर लोकांनी सातपुड्याच्या बाजूचं एक खेडं दाखवलं. निंबाखाली बाज टाकून म्हातारा बसला होता. डोळे पांढुरके, कान मात्र सशाचे. चपलांच्या आवाजावरूनच म्हणाला, "दूरना मानूस शे. बठा, भाऊ."

रुपचंद बसला. कुठून आला ते सांगितलं, बायकोचं दुखणं सांगितलं. मग गाणं म्हणून दाखवलं, दारापर्यंत.

जीवरामनं हात वर केला. "बस. त्याना पुढे नको."

"पुढे येतच नाही, आबा. तेच पायजे."

म्हाताऱ्यानं दात नसलेला जबडा दोनदा हलवला. मग सांगू लागला. राणीचं गाणं एकट्यानं पुरं होत नसे. राणीनं दारातून हाक घालायची आणि मागे उभ्या झीलकऱ्यानं झील द्यायची, म्हणजे तिच्या सुरात सूर मिळवून उत्तर गायचं. झील मिळाली की राणी आत येणार आणि वग पुढे सरकणार. फडात एकच नेम कडक होता: घातलेली हाक बिनउत्तराची ठेवायची नाही. ज्यानं हाक घातली तो अडकून पडतो.

"ती झील मी देत व्हतू," जीवराम म्हणाला. "ये वं रानी, घरमा ये, घर तुनं शे. इतलंच. पन रावेरनी जत्रामा एक पोऱ्यानं रुपया दिन्हा. नवी बायको संगे व्हती त्याना. सोंगाड्यानं गानं तोडं, नावं घिदात. वना पडदाना मांगे गया, कपडासनी पेटीवर बठना, तोंड पुसं. आनि बठना तो बठनाच. उठना नई, तठेच जीव गया." त्यानं हवेत बोट टेकवल्यासारखं केलं. "जठे मनी झील पडाले पाहिजे व्हती, तठे ती नावं पडनात. रुपचंद, यशोदा. मना कानमा आजून शेतस."

रुपचंदनं म्हाताऱ्याला आपलं नाव सांगितलं नव्हतं.

निंबाची वाळली पानं बाजेवर पडत होती. म्हाताऱ्यानं चंची काढली, पान नाही, नुसता चुना बोटावर घेतला आणि तसाच ठेवून दिला. समोरच्या माणसाचा श्वास कसा बदलला ते त्या कानांना कळलं असावं.

"आसं शे व्हय," तो हळूच म्हणाला.

"आमाले काय माहीत, आबा," रुपचंद म्हणाला. "आमी तर हासत व्हतो."

"तुमले कशाले दोस देऊ? रुपया देवाले कोनी ना म्हने? पोटं तर त्यावरच भरेत आमनी." मग त्यानं सांगितलं, "त्याना नंतर आमी ते गानं म्हनं नई. पन चाल कोनी बांधी ठेवस का? ती फिरत ऱ्हायनी. भजनमा गयी, हळदमा गयी. दार धुंडत."

"आबा, माही बायको मले परत पायजे. दुसरं कोनी नको."

"ती दारमा उभी शे, भाऊ. तुनी बायको तिना मांगे शे. पुढली सरकनी नई ते मांगली कशी येई?"

"मंग झील देऊ?"

"देशी ते ती आत येई. त्याना नंतर जास का ऱ्हास, ते मी कसं सांगू? मी देल नई तवय." म्हाताऱ्यानं पांढुरके डोळे त्याच्याकडे वळवले. "आनि टेपमा भरी नको लिजाऊ. झील जित्या मानूसनी लागस."

चोपड्यामार्गे परत येताना एसटीच्या खिडकीतून रुपचंदला कपाशीची रिकामी शेतं दिसत होती, आणि काही दिसत नव्हतं. घर तुनं शे. त्यानं ते मनातही पुरं म्हटलं नाही.

सकाळी त्यानं लताबाईला शेजारी पाठवलं. ती जाईना. उंबऱ्याशी आडवी उभी राहिली.

"काय करनार हाये तुमी?"

"तुही सासू आननार हाये."

"आनि सोबत जे येईन ते?"

"ते माह्यावर," रुपचंद म्हणाला. "रुपया मीच देल्ला व्हता."

तिला काही कळलं नाही, पण त्याच्या आवाजानं ती बाजूला झाली.

टेप लावायची गरजच पडली नाही. त्यानं ओसरीवर बसून पहिली ओळ म्हटली आणि दुसरी यशोदानं उचलली. काय आवाज होता तो. जत्रेतल्या गर्दीच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा, रुंद, थोडा फाटका. ती उठली. पाय ओढला नाही. अंगणातून चालत बाहेर गेली, वळली आणि दारात येऊन उभी राहिली. दोन बोटांनी पदर ओढला. ऊन पाठीमागे होतं, त्यामुळे चेहरा काळा दिसत होता.

दारमा उभी शे मी, दारमा उभी शे...

सूर तिथेच उभा राहिला. श्वास संपायला हवा होता तरी संपेना. गोठ्यातल्या गाईनं कान टवकारले होते. पंडितच्या पेटीवरचं बोट उचलत नव्हतं ते असं, हे रुपचंदला आता समजलं. तो उठला. बैलांपुढे गायचा तसाच, गावठी, भसाड्या आवाजात त्यानं सूर धरला.

"ये वं रानी, घरमा ये, घर तुनं शे."

उंबरा ओलांडताना यशोदा अडखळली. त्यानं पुढे होऊन तिला दोन्ही हातांनी सावरलं. तेवढ्यापुरता तिचा श्वास त्याच्या तोंडावर आला: गंधाचा, घामाचा, रॉकेलच्या बत्तीचा वास. तो त्यानं आत घेतला. घेतला म्हणण्यापेक्षा तो आत गेला. मग ती नुसती यशोदा होती. एक पाय ओढणारी, हाडं टोचणारी, त्याच्या हातांत थरथरणारी.

"सोडा ना," ती म्हणाली. जीभ जड होती, पण बोली सावद्याची होती. "लोक पाहतीन. लता कुठी गेली? उन्हाचं दार असं सताड उघडं कोनं ठेवलं?"

लताबाई कुंपणाआडून पळत आली. सासूनं तिला पाणी मागितलं, पाण्याचं भांडं नीट घासलं नाही म्हणून बोलली, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. संध्याकाळपर्यंत गल्ली लोटली. यशोदा बोलत होती. शब्द अडायचे, वाकडे पडायचे, पण येत होते. कुणीतरी म्हातारीनं विचारलं, ते तुझं तमाशातलं गाणं म्हण की. यशोदानं भाबडेपणानं विचारलं, "कोनतं वं गानं?" तिला गाणं आठवत नव्हतं. जत्रा आठवत होती, मोराचा पडदा आठवत होता, नाव पुकारलं तेव्हाची लाज आठवत होती. राणी मात्र नव्हती.

रुपचंद खांबाला टेकून सगळं पाहत होता. सुपडू, त्याचा बागेतला गडी, पेढ्यांचा पुडा घेऊन आला आणि म्हणाला, "भाऊ, तुमच्या हातानं वाटा." रुपचंदनं पुडा घेतला. आभाराचं काही बोलावं म्हणून तोंड उघडलं, आणि चटकन मिटलं. जिभेवर शब्द आला होता, तो त्याचा नव्हता. त्याच्यामागे गळ्याच्या तळाशी एक सूर चढू लागला होता, पायरी पायरीनं, उंबऱ्याच्या दिशेनं.

त्यानं मान हलवून पेढे वाटले. लोकांना वाटलं, गहिवरलाय.

आता तो पहाटेच बागेत जातो. पानांच्या आत, जिथे गडी नाहीत अशा जागी बसतो. सूर वर आला की उपरण्याचा बोळा तोंडात धरतो. एवढ्या मोठ्या बागेत कुणीतरी पोरसवदा गडी सहज, मजेत, झील देईल आणि राणी त्याच्या आत शिरेल याची त्याला भीती वाटते. पंडितला त्यानं निरोप पाठवला, कॅसेटी पुसून टाक. पंडितनं उलट निरोप दिला की पुसल्या, पण गिऱ्हाइकं मागायला येतात, काय करणार.

दुपारी यशोदा लताबाईचा हात धरून बांधापर्यंत येते. तिचा आवाज आता पुरता सुटला आहे. पहिल्यासारखाच गल्लीच्या तोंडापर्यंत पोचतो.

"भाकर थंडी झाली. चालता का?"

तो पानांआडून तिला बघतो. जीव भरून येतो. तिनं बोलत राहावं, असंच, दिवसभर.

"इतके दिवस मी मुकी व्हती, आता तुमी मूग गियून बसले. काही बोला ना. रागावले का माह्यावर?"

रुपचंद मान हलवतो, नाही म्हणून. हलवतच राहतो; सूर गळ्याशी आलेला असतो. ती जवळ येते, त्याच्या तोंडातला बोळा बघते आणि हात पुढे करते.